तुळाजीचा सुखाचा हक्क

हिवरं गावात तुळाजी नावाचा एक भोळा बुरूड राहायचा. टोपल्या सुरेख विणायचा. पण जे सांगाल ते शब्दशः करायचा.

एकदा बायको, सगुणा, रागात म्हणाली, "माझ्याशी एक शब्द बोलू नका." तुळाजी महिनाभर बोलला नाही. सगुणा कंटाळून माहेरी गेली. तुळाजीला घास गोड लागेना.

तेवढ्यात गावात कायद्याचं शिबिर भरलं. वकीलबाई म्हणाल्या, "सुखानं जगणं हा तुमचा घटनेतला हक्क आहे. तो ठणकावून मागा!"

तुळाजीनं परात घेतली, उलथनं घेतलं आणि सासऱ्याच्या दारात ठणाठणा ठणकावलं. "माझं सुख बाहेर काढा!" म्हैस दावं तोडून पळाली. म्हशीमागे सासरा पळाला.

"अहो, गोंगाट कसला करता?" हे कळल्यावर वकीलबाई म्हणाल्या. "लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची, गप्प बसायचं."

"बरं बाई."

घरी येतो तर शेजारच्या हणमंताची कडब्याची गंजी पेटलेली. तुळाजीनं धावत जाऊन कागद आणला. सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'आपल्या गंजीस आग लागली आहे. माहितीसाठी सादर.' हणमंत जेवत होता. त्यानं हात धुतले, चष्मा शोधला, अर्ज वाचला आणि बोंब ठोकत बाहेर धावला. तुळाजी मुकाट्यानं त्याच्यामागे. पोचेवर सही राहिली होती ना!

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "जाळ दिसला की आधी पाणी ओतायचं, तुळाजी!"

"बरं बाई."

पुढच्या आठवड्यात मेव्हणीचं लग्न होतं. सगुणा दिसेल म्हणून तुळाजी गेला. मांडवात होम पेटलेला. त्यानं घागर उचलली आणि भटजी, नवरदेव, होम, सगळं एकदम विझवलं. सासरा काठी शोधू लागला. सगुणा मात्र पदर तोंडाला लावून हसत सुटली. "हे ध्यान माझ्याशिवाय कोण सांभाळणार?" म्हणाली.

मग वकीलबाईंनी तालुक्याच्या कोर्टात दिलेल्या तुळाजीच्या अर्जावर तडजोड झाली. न्यायाधीशांनी हुकूम दिला, 'दोघांनी सुखानं नांदावं.' वकीलबाईंनी हुकमाची नक्कल तुळाजीच्या हाती ठेवली. "जपून न्या हो. यात तुमचं सुख आहे."

संध्याकाळी तुळाजी कागद छातीशी धरून एकटाच एसटीतून उतरला.

हणमंतानं विचारलं, "अरे, सगुणावहिनी कुठायत?"

"गाडीत एकच जागा होती," तुळाजी म्हणाला. "तिला म्हटलं, तू बस कोर्टाच्या पायरीवर. मी आधी सुख घरी ठेवून येतो."