आप्पांचा झगमगता दिवा

सभापती बाजीआप्पांनी हौसेने आणलेला एलईडी निजाम मिस्त्रीने त्यांच्या मोटारसायकलच्या मागच्या दिव्यात बसवला. दिवा लख्ख पेटला होता, पण ब्रेक दाबला तरी उजेड तसूभरही वाढत नव्हता. गाडी थांबतेय हे मागच्याला कळणार कसं? त्याने भीत भीत तसं सांगितलं.

आप्पा कडाडले, “एवढा उजेड दिसणार नाही? पटवून दे, नाहीतर गॅरेजसाठी दिलेला माझा गाळा रिकामा कर!”

निजाम म्हणाला, “आप्पा, सकाळपासून तुम्ही ह्याच आवाजात बोलताय. आता माझ्यामागे साप निघाला म्हणून ओरडलात, तर मी वळून तरी बघेन का?”

आप्पा त्या दिवशी पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, “जुना बल्बच लाव.”