ताक कोणत्या पातेल्यातलं?

सदू आचाऱ्याने आपली पाच पितळी पातेली दामोदरशेटना गहाण लिहून दिली होती, पण धंदा चालावा म्हणून ती वापरायला स्वतःकडेच ठेवली होती. पुढे त्याने ती नूरबी कल्हईवालीकडे टाकली. चार पातेली चकाकली आणि सदू मजुरी न देताच गाव सोडून गेला.

शेट पातेली मागायला आले. नूरबी देईना. प्रकरण मामलेदारांकडे गेलं. नूरबी पातेली हातगाडीवर घालून कचेरीत आली. त्यांतल्या दोनांत तिने सकाळीच ताक ओतून ठेवलं होतं.

“माझा कागद दोन वर्षांचा, हिची कल्हई आठ दिवसांची,” शेट म्हणाले. “आधी हक्क कुणाचा, हे काय सांगायला हवं?”

“शेटजी, उन्हातून आलात, ताक घ्या,” नूरबी म्हणाली. “हे पातेलं माझ्या कल्हईचं. ते दुसरं मी हात न लावलेलं, सदूने आणून टाकलं तसंच. कुठल्यातलं देऊ?”

शेट दुसऱ्यात डोकावले. ताक हिरवट पडलं होतं.

“ते कळकलंय. कल्हईतलं दे.”

“रावसाहेब, ऐकलंत ना? कागद जुना, हे मला कबूल. पण शेटजींना हवी आहे ती माझी मेहनत, आणि ती अजून माझ्या हातात आहे.”

मामलेदारांनी निकाल दिला, आधी मजुरी, मग पातेली.

शेटांनी चार पातेल्यांची मजुरी दिली. मग म्हणाले, “आता पाचव्यालाही लावून दे.”

“लावते की,” नूरबी म्हणाली. “पातेलं ठेवून जा. कागद नको.”