दोरीतला कंप

"यातला माशाचा कंप कुठला आणि माझा कुठला, हे मी ओळखायचं कसं?"

डॉक्टर उर्मिला घोरपडेंचा आवाज चढला होता. त्यांनी चौथ्यांदा दोरी झटक्यानं ओढून घेतली होती आणि चौथ्यांदा गळ रिकामा वर आला होता.

शेजारच्या खडकावर बाळनाथ भोई बसले होते. वारणेच्या या डोहावर त्यांची साठ वर्षं गेली होती. गाव त्यांना तात्या म्हणायचं. त्यांनी परातीतल्या कणकेवर ओलं फडकं तेवढं सारखं केलं.

उर्मिलाबाईंनी तीस वर्षं कानाची ऑपरेशनं केली होती. कानातलं सगळ्यात लहान हाड तांदळाच्या दाण्याहून लहान. तिथं हत्यार चालवून त्यांनी कितीतरी माणसांना श्रवणशक्ती परत मिळवून दिली होती. गेल्या वर्षी उजवा हात थरथरायला लागला. एके दिवशी पेशंट टेबलावर असतानाच त्यांनी हत्यार खाली ठेवलं, सहकाऱ्याला बोलावलं आणि त्या बाहेर पडल्या. पुन्हा आत गेल्या नाहीत.

आता त्या इथं, भावाच्या शेतावर राहत होत्या. हात कायम पदराखाली.

तात्यांना त्यांनी आठ दिवस लांबून पाहिलं होतं. काठी नाही, चक्री नाही. नायलॉनची दोरी, टोकाला एक गळ, त्याच्या वीतभर वर शिशाचा मणी आणि गळावर बोराएवढा कणकेचा गोळा. दोरी तर्जनीवरून गेलेली, डोळे मिटलेले... आणि मग मनगटाची एवढीशी हालचाल. मासा वर.

चांगला हात कसा असतो ते बाईंना ठाऊक होतं. हा त्यातला होता. म्हणून तर नवव्या दिवशी, म्हणजे आज सकाळी, त्या जाऊन म्हणाल्या होत्या, "मला शिकवा."

तात्यांनी परात पुढं सरकवली होती. "कणीक मळा."

"किती मऊ?"

"कानाच्या पाळीएवढी."

बाई वर्षभरात पहिल्यांदा हसल्या होत्या. हे माप त्यांच्या बोटांना पाठ होतं.

पण कणीक जमली तरी मासा जमत नव्हता. दोरी हलली की त्या ओढायच्या, आणि दोरी तर सारखीच हलत होती.

तात्या उठले. बाईंच्या हातातली दोरी घेतली, कमरेचा चाकू काढला आणि गळ कापून टाकला.

"आता सोडा पाण्यात."

"गळाशिवाय?"

"हं."

"मासा लागेल कसा?"

"लागायचा न्हाई."

"मग मी करू काय?"

"धरून बसा."

बाईंचा चेहरा लाल झाला. "तात्या, मी थट्टा करून घ्यायला आलेले नाही."

तात्यांनी आपली दोरी पाण्यात सोडली होती. डोळे मिटले होते.

बाई उठून चालू लागल्या. बांधापर्यंत गेल्या... थांबल्या... परत आल्या आणि बसल्या.

पहिला दिवस लाजेत गेला. धुणं धुणाऱ्या बायका बघत होत्या. दोरी धरायची तर हात उघडा ठेवावाच लागत होता.

दुसऱ्या दिवशी बायका बघायच्या थांबल्या.

तिसऱ्या दिवशी बाईंनीही डोळे मिटले. थरथरीला एक ठेका होता. शिलाई मशीन चालावं तसा, बारीक आणि एकसारखा. ऑपरेशन थिएटरची आठवण आली की वाढायचा, श्वास सोडला की उतरायचा. वर्षभर तो त्यांच्याच हातात होता, आणि त्याच्याकडं त्यांनी इतकं लक्ष आज प्रथमच दिलं होतं.

चौथ्या सकाळी त्या म्हणाल्या, "तात्या, हा सगळा माझाच आहे."

तात्यांनी नवा गळ पुढं केला.

गाठ बाईंनीच मारली. वेळ लागला. कणीक दोनदा हातातून निसटून दगडावर पडली. तात्या थांबून राहिले, हात पुढं केला नाही.

ऊन डोहाच्या मध्यावर आलं. दोरीतून तोच ओळखीचा ठेका येत होता...

मग त्यात एक ठोका आला, जो त्यांचा नव्हता.

संथ. जड.

त्या थांबल्या. पुन्हा आला. तरीही थांबल्या. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यांनी मनगट फिरवलं.

दोरी ताठ झाली, सरसर बोटांतून पळाली, कातडं सोलवटलं. बाईंनी ती सोडली नाही. द्यायची तेव्हा दिली, ओढायची तेव्हा ओढली. बऱ्याच वेळानं काठाशी पाणी उसळलं. हातभर लांबीचा, तांबूस खवल्यांचा रोहू.

तात्या गुडघाभर पाण्यात उतरले. दोन्ही हातांनी त्यांनी मासा पाण्यातच पेलून धरला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडं बघत राहिले.

काठावर बाईंना धाप लागली होती. बोटांतून रक्त येत होतं. त्यांचं तिकडं लक्षच नव्हतं.

"तात्या... मला वाटतं, मी ओढत होते ना, तेव्हा माझा हात अजिबात हलत नव्हता. तुम्ही पाहिलंत? हलत होता का?"

तात्यांनी माशाच्या ओठातून हलकेच गळ सोडवला.

"म्या माशाकडं बघत हुतो, बाई."