बोगद्यातली सरळ वाट

धर शेपूट शेपटीची, नको सोडू माझे बाई,
पुढं चालते ती आई, मागं अंधाराची खाई...

हा आवाज सुगंधाच्या कानात होता तो फार जुना. तेव्हा तिचे डोळेही उघडले नव्हते. आई पुढं चालायची, आईच्या शेपटीच्या बुडाशी थोरलीचे दात, थोरलीच्या शेपटीला मधलीचे, आणि अशी सात पिल्लांची आगगाडी गटाराच्या काठाकाठानं निघायची. गाणं आईच म्हणायची, कारण रिकामं तोंड फक्त तिचं असायचं. चिचुंद्र्यांच्या जातीची ही रीतच आहे. नाकाला शेपूट लागली की तोंड आपोआप मिटतं. पुढचीनं बोलायचं, मागचीनं धरायचं.

तर, एक होतं शहर. शहरात माणसं राहत आणि शहराखाली चिचुंद्र्यांचं राज्य होतं. राजा मात्र चिचुंद्री नव्हता, घूस होता. आपल्यातलीच एखादी राणी का नाही केली, असं कुणी विचारलं तर म्हाताऱ्या चिचुंद्र्या म्हणत, "अगं, राजा कसा भरलेला दिसायला हवा." श्रीमंत गबदुलराव महाराज भरलेले दिसत. राज्य कितीही उपाशी असो, परदेशी पाहुण्याला महाराज दाखवले की राज्य सुखी आहे अशी त्याची खात्री पटे.

एका वर्षी वरची माणसं आपलं शहर सुंदर करू लागली. म्हणजे जुन्या गटारांत सिमेंट ओतू लागली. आज एक गल्ली बुजली, उद्या दुसरी. चिचुंद्र्यांची बिळं ओली झाली, मग घट्ट झाली, मग राहिलीच नाहीत.

सगळ्यांना घोर लागला, सुगंधाला दुप्पट लागला. तिची लेक कस्तुरी पोटुशी होती, पहिलटकरीण. आणि चिचुंद्रीची पिल्लं ओलीत जन्मली तर एक दिवस काढत नाहीत. सुगंधानं स्वतः दोन वेळा ते पाहिलं होतं. तिला लेकीसाठी पसाभर कोरडी माती हवी होती, बाकी राज्याचं काय ते राज्य बघून घेईल.

अशात एक दिवस घुशींच्या उकरण्यात एक भिंत ढासळली आणि पलीकडं बोगदा निघाला. केवढा! दहा हजार चिचुंद्र्या आडव्या झोपल्या असत्या तरी कुणाचं पाऊल कुणाला लागलं नसतं. माणसांनी कधीकाळी आगगाडी चालवायला तो खणला होता, आणि मग आपल्याच खेळण्याला कंटाळावं तशी तोंडं विटांनी बुजवून ती विसरून गेली होती. रूळ होते, त्यांच्यावर गंज मऊ सायीसारखा धरला होता. फलाट होता, बाकडं होतं, तिकीटखिडकी होती. एक सिग्नलही होता. त्याचा दिवा फुटका होता. तो हिरवा असल्याचं जाहीर झालं.

महाराज बाकड्यावर चढले. त्यांना चढवायला बारा जण लागले.

"माझ्या प्रिय शेपूटबंधूंनो आणि भगिनींनो! माणसांनी जे टाकून दिलं, त्यालाच आम्ही वैभव म्हणतो! आज आम्ही भुयार पुनर्वापर महायोजनेची घोषणा करतो. हा बोगदा तुम्हाला कोरड्या, उबदार, दाण्यांनी भरलेल्या देशात घेऊन जाईल."

"कुठं आहे तो देश?" मागून कुणीतरी विचारलं.

"बोगद्याच्या शेवटी," महाराज म्हणाले, आणि हे उत्तर इतकं चोख होतं की टाळ्यांशिवाय इलाज नव्हता.

शेवट कुठं आहे हे पाहून यायला सुगंधाला धाडलं. ती दरबारची वासदर्शक. तिच्या नाकाची ख्याती अशी की भिंतीपलीकडची भाकरी ज्वारीची की बाजरीची ते ती सांगे. पण त्या आठवड्यात तिला पडसं झालं होतं. ती पहिल्या वळणापर्यंत गेली. समोरून असा गार वारा आला की अंगावरचा केस न् केस उभा राहिला. तिथंच रुळांखालच्या एका आडव्या लाकडी स्लीपरखाली ती बसली, दोन झुरळं खाल्ली, थोडी शिंकली आणि परत आली.

"काय गं सुगंधाबाई, कसा आहे बोगदा?"

"सरळ आहे, महाराज."

"सरळ कुठं जातो?"

"सरळ... पुढं."

दरबारचा दवंडीवाला रातकिडा किरकिरे टुणकन उडाला. "सरळ पुढं! वा! सरळ पुढं! सरळ पुढं!" सुगंधानं मनाशी ठरवलं होतं, की उद्या नाक मोकळं झालं की जाऊन नीट पाहून यायचं. पण उद्या उजाडेपर्यंत 'सरळ पुढं' ही घोषणा घरोघरी पोचली होती, आणि तिच्या गळ्यात सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं बूच पदक म्हणून लटकत होतं. पदक मिळाल्यावर परत तपासायला कोण जातं?

प्रयाणाचा दिवस ठरला. आठशे चिचुंद्र्या शेपटीला शेपूट धरून उभ्या राहिल्या. सगळ्यांत पुढं सुगंधा. सगळ्यांत मागं कस्तुरी, कारण तिचं पोट जमिनीला टेकत होतं.

"आई, फार लांब आहे का गं?" निघण्याआधी तिनं विचारलं होतं.

"छे गं. सरळ तर जायचंय."

मधोमध महाराज. ते बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसले होते आणि चाळीस जण तो डबा रुळावरून ओढत होते. डब्यात महाराजांच्या खाली सगळ्या राज्याचा शिधा होता. सुरक्षित राहावा म्हणून महाराज स्वतः त्याच्यावर बसले होते. किरकिरे कधी डब्याच्या काठावर, कधी रांगेच्या टोकाला. रांगेत बोलायला मोकळी तोंडं म्हणाल तर ही तीन: महाराजांचं, किरकिऱ्याचं आणि सुगंधाचं.

माणसांनी तो बोगदा कशासाठी खणला होता, हे आता सांगायला हरकत नाही. शेवटच्या फलाटाशी आलेली गाडी वळवून परत न्यायला. तो गोल होता.

रांग चालली, चालली. फलाट गेला, बाकडं गेलं, सिग्नल गेला. मग डाव्या हाताच्या भिंतीतल्या फुटक्या नळीतून एक वास आला. उन्हानं तापलेली माती, कडुलिंबाचा मोहोर, वाळकी पानं. सुगंधाचं पडसं तेवढ्यानं पळालं. थांबावं की काय, असं तिच्या मनात येतंय तोच तिच्या नाकाला काहीतरी मऊ लागलं. शेपूट! तोंड आपोआप मिटलं.

आणि मग तिनं वास घेतला. दुधाचा, कोवळा, आपलाच. ही शेपूट एवढीशी असताना तिनंच चाटून चाटून वाढवली होती. कस्तुरी!

रांगेचं तोंड रांगेच्या बुडाला येऊन मिळालं होतं. ओरडावं तर शेपूट सोडायला हवी. शेपूट सोडून बोलावं तर पहिला प्रश्न येणार: बाई, तू पाहून आली होतीस ना? तेवढ्यात किरकिरे उडत आला, तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि आनंदानं किंचाळला.

"महाराज! आपल्या पुढं कुणीतरी आहे! सुगंधाबाईंनी त्यांची शेपूट धरली!"

डब्यात महाराजांचा ऊर भरून आला. "म्हणजे सगळं जग आपल्याच वाटेनं चाललंय! चला, वेग वाढवा! त्यांना मागं टाकायचं आहे!"

रांग पळू लागली. आपल्यालाच मागं टाकायला पळणं यात एक मजा असते, ती पळणाऱ्याला कळत नाही. नळी आली, मोहोराचा वास आला, गेला. पुन्हा आली, पुन्हा गेली. दर फेरीला सुगंधाचे दात ढिले व्हायचे आणि दर फेरीला गळ्यातलं बूच खणखणायचं.

सातव्या फेरीला किरकिऱ्यानं दवंडी पिटली. "ऐका हो ऐका! कालच्या मुक्कामाला बाकडं होतं, आजच्याही मुक्कामाला बाकडं आहे! कालच्या गावाला तिकीटखिडकी, आजच्याही गावाला तिकीटखिडकी! गावोगावी सिग्नल, आणि एकजात हिरवे! आधीच्या कुठल्या राजानं तुम्हाला एवढी बाकडी दिली होती?"

रांगेतून एकही विरोधी सूर निघाला नाही. निघणार कुठून?

सुगंधाच्या आईचं गाणंही तोवर राष्ट्रगीत झालं होतं. किरकिऱ्यानं एवढाच फरक केला होता, की 'पुढं चालते ती आई' च्या जागी 'मधे बसतो तो राजा' घातलं होतं. वृत्तात नीट बसत होतं. सगळ्यांनी ते मनातल्या मनात म्हणायचं, असा हुकूम होता.

विरोधी पक्ष नव्हता असं नाही. बोगद्याच्या छताला वटवाघळं लटकत होती, आणि त्यांच्या पुढारी लोंबकळेताई यांना वरून रांगेचं अख्खं कडं दिसत होतं. विसाव्या फेरीला त्या कडाडल्या.

"बंधूंनो! या राजानं तुम्हाला फसवलं आहे! ही दिशा साफ चुकीची आहे!"

सुगंधाला वाटलं, सुटले बाई. बोललं कुणीतरी.

"आम्हाला निवडून द्या," लोंबकळेताई म्हणाल्या, "आम्ही तुम्हाला उलट्या दिशेनं फिरवू!"

"उलट्या दिशेनं?" महाराज डब्यात उसळले. "जिथून आलो तिथं परत? ओलीत? सिमेंटात? घ्या मग निवडणूक!"

निवडणुकीचे नियम सोपे होते. महाराज हवे असतील तर पुढच्याच्या शेपटीला हळूच चावायचं. नको असतील त्यानं तोंड उघडावं, रांग सोडावी आणि अंधारात एका बाजूला उभं राहावं. मतदान गुप्त असल्यामुळं कोण उभं आहे हे फक्त महाराजांना कळेल.

डब्याजवळच्या एकानं भीतभीत चावा घेतला. चावा बसला म्हणून पुढची दचकली आणि तिनं तिच्या पुढचीला चावलं. तो चावा सरकत सरकत सुगंधापर्यंत आला. तिला चावायचं नव्हतं, पण शेपटीत कळ गेली की दात मिटतातच. कस्तुरीला चावा बसला, तिच्याकडून पुढं, आणि कडं पुरं करून तो चावा पुन्हा पहिल्याकडं, पुन्हा पुढं. किरकिरे मोजत होता. आठशे झाली, सोळाशे झाली, चोवीसशे झाली.

"महाराज, मतदार आठशे आणि मतं चोवीसशे!"

"हा जनतेचा उत्साह आहे," महाराज म्हणाले. "त्याला आडकाठी करू नका."

चार हजारांवर किरकिऱ्याचा घसा बसला म्हणून मोजणी थांबली. चावा पुढंही दोन दिवस फिरत होता. लोंबकळेताईंनी पराभव मान्य केला, पण उलट्या दिशेचा लढा सुरूच राहील असं ठणकावलं, आणि पंख मिटून झोपल्या.

विजयाचा आनंद म्हणून महाराजांनी शिधा वाटायचं ठरवलं. डबा उघडला तर आत दाणाही नव्हता. सगळे चकित झाले, फक्त डबा ओढणारे चाळीस जण तेवढे झाले नाहीत. शिधा संपला तरी डबा हलका झाला नव्हता, हे त्यांच्या खांद्यांना कधीच कळलं होतं. दाणे महाराजांच्या खालून महाराजांच्या आत गेले होते, एवढाच काय तो फेरबदल.

"भूक ही मुक्कामाजवळ आल्याची खूण आहे," महाराज तोंड पुसत म्हणाले. "जितकी भूक जास्त, तितका देश जवळ!"

पुढची फेरी आनंदात गेली. आपण अगदी जवळ आलोय हे पोटापोटाला पटत होतं.

मात्र त्या फेरीत सुगंधाच्या दातांखालची शेपूट ताठ झाली. मग सैल पडली. मग पुन्हा ताठ. एक मोठी कळ, थोडा विसावा, पुन्हा कळ. आई होऊन गेलेलीला हे कुणी सांगावं लागत नाही. कस्तुरीचे पाय घसटत होते. खाली बोगद्याची फरशी थंड, रुळांमध्ये पाणी साचलेलं. आणि डावीकडून तो वास पुन्हा येऊ लागला होता. ऊन, माती, मोहोर.

नळी आली. सुगंधानं तोंड उघडलं.

शेपूट सुटली. मागची तिच्यावर आदळली, तिच्या मागची तिच्यावर, आणि धडाधड सगळं राज्य एकमेकांवर चढलं. डबा कलंडला. महाराज गडगडत तिकीटखिडकीपर्यंत गेले.

"सुगंधाबाई! रांग मोडतेय! हा राजद्रोह आहे!"

"असू दे, महाराज," सुगंधा म्हणाली. इतक्या दिवसांनी तोंड उघडल्यामुळं जबडा दुखत होता. "ऐका सगळ्यांनी. आपण गोल फिरतोय. हे बाकडं एकच आहे. ही खिडकी एकच आहे. आपल्या पुढं कुणी नाही, माझ्या तोंडात माझ्याच लेकीची शेपूट होती. बाहेरची वाट ही इथं, या नळीतून आहे, आणि दर फेरीला मला तिचा वास येत होता. आणि बोगदा सरळ आहे असं जे मी सांगितलं ना, ते खोटं. मी आत गेलेच नव्हते. वळणावर बसून झुरळं खाऊन परत आले."

आठशे तोंडं मोकळी होती आणि काय करायचं हे एकीलाही आठवत नव्हतं. मग डबा ओढणाऱ्यांपैकी एक पुटपुटला, "बाकडं मलाही ओळखीचं वाटत होतं." दुसरी म्हणाली, "मी तर त्याच्या पायावर रोज अंग घासायची."

किरकिरे खाकरला. "महाराजांच्या कणखर नेतृत्वाखाली," तो बसक्या आवाजात म्हणाला, "आज नळीचा शोध लागला."

सुगंधानं तिकडं पाहिलं नाही. कस्तुरीला खांद्यानं रेटत ती नळीत शिरली होती. आत माती होती, पसाभर नाही, चांगली ओंजळ दोन ओंजळ, कोरडी, उबदार. कस्तुरी तिच्यावर टेकली आणि तिनं लांब श्वास सोडला.

"चिडलीस का गं माझ्यावर?" सुगंधानं विचारलं.

"आई, तुझे दात मला कळत नाहीत होय? पहिल्याच फेरीला कळलं होतं, मागं तू आहेस."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

कस्तुरीनं एक कळ जाऊ दिली.

"मला वाटलं, माझ्या पुढचा कुणीतरी बोलेल."