खालचा राऊटर आणि माडीवरचा राऊटर

लॅपटॉपांच्या हिशेबाने सात पिढ्यांपूर्वीची ही गोष्ट. एका वाचनालयात ग्रंथपाल कुंदाताई लॅपटॉपवर एका मुलीचा नर्सिंगचा प्रवेशअर्ज भरत होत्या. मुदत पाचपर्यंत होती.

अर्ज पाठवायला लॅपटॉपने वायफाय शोधलं. माडीवरचा राऊटर लांबून क्षीण आवाजात म्हणाला, "आधी पासवर्ड सांगा." लॅपटॉपला ते झोंबलं. एवढ्या वर्षांत त्याला असं दारात कुणी अडवलं नव्हतं.

खालचा राऊटर मात्र हाकेच्या अंतरावर होता. "या, या. घर आपलंच आहे," तो म्हणाला. लॅपटॉप लगेच जोडला गेला. सिग्नल भरगच्च होता. ख्यालीखुशाली झाली, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. अर्ज नुसताच गोल गोल फिरत राहिला.

पाचला दहा कमी असताना लॅपटॉपने विचारलं, "अर्ज पुढे गेला का?"

"कसा जाईल? माझी वायर परवाच उंदरांनी कुरतडली."

"मग मला 'या, या' कशाला म्हणालात?"

"दारी आलेल्याला 'या' म्हणायची आमच्याकडे रीत आहे."

लॅपटॉपने मान खाली घालून माडीवरच्याला हाक मारली. कुंदाताईंनी पासवर्ड घातला.

"बसा म्हणणार नाही," माडीवरचा राऊटर म्हणाला. "अर्ज द्या."