पैठणी, पूल आणि वामनराव

एका तालुक्याच्या गावात एक भोळा हेडक्लार्क राहत होता. नाव वामनराव खांबेटे. भोळा हा शब्द मी त्यांच्या वयाचा मान ठेवून वापरतो आहे. गावातले लोक दुसरा शब्द वापरत.

वामनरावांनी उभा जन्म पंचायत समितीत काढला. वरून आदेश आला की पाळायचा, का म्हणून विचारायचं नाही, हे त्यांच्या अंगात फार मुरलं होतं. निवृत्त झाल्यावर आदेश कोण देणार, याचीच त्यांना काळजी पडली. पत्नी कालिंदीबाई होत्या, म्हणून निभावलं.

त्यांची मुलगी अनघा जर्मनीत असते. दोघं तिच्याकडे राहायला गेली, तेव्हा तिने त्यांना शनिवार-रविवार प्राग बघायला धाडलं. गाडीत बसवताना ती म्हणाली, "बाबा, तिकडे स्वतःचं डोकं चालवू नका. आई सांगेल तसं करा." हे सांगायची काही गरज नव्हती. वापरलेली वस्तू चालवतात. वामनरावांचं डोकं अजून कोरं करकरीत होतं.

कालिंदीबाईंना प्रागमधून एकच गोष्ट हवी होती. त्यांच्या थोरल्या जाऊबाई मालतीबाई यांनी स्वित्झर्लंडच्या बर्फातला स्वतःचा फोटो दिवाणखान्यात टांगला होता. हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक बाईला आधी त्या फोटोसमोर उभं करत, मगच वाण देत. कालिंदीबाई वर्षानुवर्षं तो बर्फ बघत आल्या होत्या. आता प्रागच्या जुन्या दगडी पुलावर, पैठणी नेसून, मागे टेकडीवरचा किल्ला, असा एक फोटो त्यांना हवा होता. मालतीबाईंच्या फोटोपेक्षा वीतभर मोठा. पैठणी पिशवीत सगळ्यात वर ठेवली होती. आणि फोटो काढता येईल असा फोन दोघांत एकच होता, तो वामनरावांच्या खिशात.

शनिवारी आभाळ भरलेलं होतं. कालिंदीबाई म्हणाल्या, "फोटो उद्या, लख्ख उजेडात काढू. आज नुसतं फिरू."

पहिल्यांदा एक मोठं चर्च लागलं. वामनरावांनी दारात बूट काढले, मोजे त्यात कोंबले आणि डोक्यावरची टोपी तशीच ठेवून आत गेले. बाहेर आले तर बुटात कुणीतरी नाणी टाकलेली.

"अहो, डोकं आहे की खोकं?" कालिंदीबाई म्हणाल्या. "इथे बूट नाही काढत, टोपी काढतात. आत गेलं की टोपी काढायची, मान खाली घालून बसायचं, एक अक्षर बोलायचं नाही."

"बरं. पुढच्या वेळी तसंच करतो."

मग भूक लागली. दोघं एका खानावळीत शिरली. कालिंदीबाई हात धुवायला गेल्या. वामनरावांनी टोपी काढली, मान खाली घातली आणि गप्प बसले. वेटर आला. काय हवं म्हणाला. वामनराव गप्प. पुन्हा विचारलं. वामनरावांनी मान आणखी खाली घातली. वेटर बिचारा भला माणूस होता. या गृहस्थाचं कुणीतरी गेलं आहे, असं त्याला वाटलं. त्याने गाणी बंद केली, टेबलावर मेणबत्ती लावली आणि दुःखावर उतारा म्हणून ब्रँडीचा पेला आणून ठेवला.

कालिंदीबाई परत येऊन बघतात तर नवरा, मेणबत्ती आणि दारू. तोवर स्वयंपाकघर बंद झालं होतं. पिशवीतल्या चिवड्यावर भागवावं लागलं.

"अहो, असे मुखस्तंभासारखे काय बसलात? समोरचा विचारतोय ना? हात वर करायचा, खणखणीत आवाजात सांगायचं, टू पीपल, नो मीट!"

"बरं. पुढच्या वेळी तसंच करतो."

संध्याकाळी दोघं आणखी एका चर्चमध्ये गेली, तर तिथे लग्न चाललेलं. दोघं मागच्या बाकावर टेकली. नवरी गोड होती. कालिंदीबाईंना आपली अनघा आठवली आणि त्यांचे डोळे भरून आले. तेवढ्यात पाद्रीबाबांनी लोकांकडे बघत आपल्या भाषेत काहीतरी विचारलं, या लग्नाला कुणाची हरकत आहे का, असंच काहीसं. सगळीकडे शांतता. समोरचा विचारतोय आणि कुणीच सांगत नाही, हे वामनरावांना बघवेना. ते उभे राहिले. हात वर केला.

"टू पीपल! नो मीट!"

नवरदेव पांढराफटक पडला. नवरीने त्याच्याकडे असं बघितलं, की या परदेशी म्हाताऱ्याला याचं काय माहीत आहे, ते आत्ताच्या आत्ता कळलं पाहिजे. कालिंदीबाईंनी नवऱ्याला दंडाला धरून बाहेर ओढलं. लग्न लागलं कसंबसं. मंडळी दाराबाहेर आली आणि नवरानवरीवर तांदूळ उधळू लागली. कालिंदीबाईंच्या पिशवीत खिचडीचे तांदूळ होतेच. त्यांनी ओंजळभर नवऱ्याच्या खिशात ओतले.

"लग्नात असं काहीबाही ओरडतात का? हसायचं, अक्षता टाकायच्या आणि काँग्रॅच्युलेशन्स म्हणायचं."

वामनराव खिशात हात घालेपर्यंत मोटार निघून गेली. तांदूळ खिशातच राहिले.

"बरं. पुढच्या वेळी तसंच करतो."

रविवारी सकाळी लख्ख ऊन पडलं. दोघं ट्रामने निघाली. वाटेत तिकीट तपासनीस चढला आणि त्याने एका कॉलेजच्या मुलीला विनातिकीट पकडलं. मुलगी रडायला लागली. लोक त्या दोघांभोवती जमले. वामनरावांनी बघितलं. एक तरुण मुलगी, शेजारी गडी, भोवती माणसं आणि मुलीच्या डोळ्यांत पाणी. काल अगदी हेच होतं. ते हसत हसत पुढे गेले आणि मूठभर तांदूळ दोघांच्या डोक्यावर टाकले.

"काँग्रॅच्युलेशन्स!"

मुलगी आणखी मोठ्याने रडू लागली. तपासनिसाने कॉलरमधले तांदूळ झटकले आणि पुढच्या थांब्यावर तिघांनाही खाली उतरवलं.

"अहो, लाज वाटते का काही?" कालिंदीबाईंचा आवाज चढला. "रडणाऱ्या बाईला बघून हसता? जवळ जायचं. रुमाल ओला करून डोळे पुसायचे. होतं असं, जाऊ द्या, म्हणायचं."

"बरं. पुढच्या वेळी तसंच करतो."

परतीची गाडी दुपारची होती. पूल जवळच होता. पण वाटेत चित्रांचं संग्रहालय लागलं आणि कालिंदीबाईंना वाटलं, इथल्या स्वच्छ बाथरूममध्ये पैठणी नीट नेसता येईल. त्या नेसायला गेल्या. वामनराव दालनात फिरू लागले. तिथे भिंतीवर चारशे वर्षांपूर्वीची एक बाई रडत होती. गालावरून टपोरे अश्रू ओघळत होते आणि समोरची माणसं नुसती उभी राहून बघत होती. माणुसकी कशी ती नाहीच. वामनरावांनी बाटलीतल्या पाण्याने रुमाल भिजवला, पुढची दोरी ओलांडली आणि हात पुढे केला.

"होतं असं. जाऊ द्या."

रुमाल टेकायच्या आत भोंगा वाजला. दोन पहारेकरी धावत आले. कालिंदीबाई निऱ्या हातात धरून बाहेर आल्या, तेव्हा त्यांचा नवरा दोन धिप्पाड माणसांच्या मध्ये उभा होता आणि त्यांना सांगत होता, की रडतेय ती, मी नाही. कालिंदीबाईंनी हातापाया पडून त्याला सोडवलं. त्यात वेळ गेला.

"अहो, जुनी वस्तू आहे ती! जुन्या वस्तूला हात लावत नाहीत. लांबून बघायचं. आणि जुनी वस्तू नि बघणारा यांच्या मध्ये कुणीही माणूस येता कामा नये. तो पहारेकरी मघापासून तेच ओरडतोय."

"बरं. पुढच्या वेळी तसंच करतो."

दोघं धावत पूल गाठायला निघाली. ऊन अजून होतं. किल्ला झळझळत होता. कालिंदीबाईंनी पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला आणि कठड्यापाशी उभ्या राहिल्या. खरं सांगायचं तर त्या फार छान दिसत होत्या. जांभळी पैठणी उन्हात अशी उठून दिसत होती, की येणारेजाणारे थांबले. एका जपानी जोडप्याने वाकून परवानगी मागितली आणि त्यांचा फोटो काढला. मग एका स्पॅनिश बाईने काढला. मग शाळेच्या सहलीने काढला. कालिंदीबाईंना आयुष्यात एवढं कुणी बघितलं नव्हतं. त्या लाजल्या, आणि मग मुळीच लाजेनात.

"अहो, मागचा किल्ला पुरता येऊ द्या हं."

"किती जुना आहे तो?" वामनरावांनी विचारलं.

"हजार वर्षांचा असेल. काढा लवकर, गाडी चुकेल."

वामनराव लांब जाऊन उभे राहिले. त्यांनी फोन वर धरला. डावीकडे सरकले. उजवीकडे सरकले. गुडघ्यावर बसले. हात पार डोक्यावर नेला. एवढी मेहनत त्यांनी लग्नातसुद्धा घेतली नव्हती. कालिंदीबाईंना भरून आलं. माणूस वेंधळा असेल, पण आपल्यासाठी किती झटतोय, असं त्यांच्या मनात आलं. सकाळपासूनचा सगळा राग त्यांनी तिथेच सोडून दिला.

गाडी जेमतेम मिळाली. प्राग मागे पडलं. कालिंदीबाईंनी पदराने घाम पुसला, चष्मा लावला आणि हात पुढे केला.

"बघू तरी फोटो."

पहिल्या फोटोत किल्ला होता. दुसऱ्यातही किल्ला होता. पुढच्यात किल्ला, त्याच्या पुढच्यात किल्ला. कळस, बुरूज, खिडक्या, सगळं कसं स्वच्छ. एका फोटोत कोपऱ्यात काहीतरी जांभळं दिसलं. कालिंदीबाईंनी ते मोठं करून बघितलं. पदराचं टोक होतं.

"अहो, मी कुठंय यात?"

"सारखी मध्ये येत होतीस," वामनराव कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले. "पण मी एकदाही येऊ दिलं नाही. तो एक जरा चुकला."

कालिंदीबाईंनी सगळे फोटो पुन्हा एकदा चाळले. जपानात त्यांचा फोटो होता, स्पेनमध्ये होता, कुठल्यातरी शाळेतल्या सगळ्या पोरांकडे होता. आपल्या घरात लावायला एक नव्हता. त्या खिडकीकडे तोंड करून पैठणीतच रडायला लागल्या. शेजारी वामनराव बाटलीतल्या पाण्याने रुमाल भिजवू लागले.

तेवढ्यात कालिंदीबाईंच्या हातातला फोन वाजला. कुणीतरी हसऱ्या तोंडाचं चित्र पाठवलं होतं. वामनरावांनी गाडी सुटल्या सुटल्या सगळे फोटो घरच्या ग्रुपवर टाकून दिले होते. खाली मालतीबाईंनी विचारलं होतं, "किल्ला छान आहे भाऊजी. पण आमची कालिंदी कुठे आहे?"

त्याला वामनरावांनी मघाशीच उत्तर दिलेलं होतं.

"जुन्या वस्तूच्या मध्ये येत होती. काढून टाकली."