पाया न खणलेली पवनचक्की

कामेरकर साहेबांच्या केबिनमधून उमेदवार घाम पुसतच बाहेर येतो, अशी त्या इन्व्हेस्टमेंट बँकेत ख्याती होती. ऊर्जा विभागात नवख्यांसाठी एकच जागा उरली होती, आणि पाळी आली पाटणच्या सुनयना शेडगेची.

साहेबांनी पठारावरच्या एका नियोजित पवनचक्की प्रकल्पाचे कागद तिच्यापुढे सरकवले. "किंमत काढा."

सुनयनाने पुढच्या पंचवीस वर्षांच्या विजेचा हिशेब मांडला आणि दोनशे कोटी सांगितले.

"माझाही आकडा हाच," साहेब म्हणाले. मग त्यांनी तिचा अर्ज उचलला. "पण इथे अनुभवाच्या रकान्यात शून्य आहे. शून्याला मी काय किंमत लावू?"

सुनयनाने पवनचक्कीच्या कागदांवर अलगद बोट ठेवलं. "सर, हिचा तर अजून पायाही खणलेला नाही. हिच्यावर एक दिवासुद्धा लागलेला नाही. तरी पुढची पंचवीस वर्षं बघून तुम्ही हिला दोनशे कोटी लावलेत. माझी दोनच वर्षं बघा."

साहेबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. हसू लपवायला त्यांच्याकडे तेवढाच उपाय होता.

"सोमवारी नऊ वाजता या," ते म्हणाले. "पाया खणायला घेऊ."